विमलचे पेपर आणि सोनबाजी पारखी

सोनबाजी भोयर पहिल्यांदा माझ्या प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिले, तेव्हा मी टाकीतले बेडूक मोजत होतो. जानेवारीचा महिना, कॉलेजला सुट्टी, आणि दारात एक सहा फुटी माणूस. गुडघ्यापर्यंत धोतर, अंगात बंडी, डोक्याला टोपी, कानावर न पेटवलेली विडी. मिशा आणि भुवया पांढऱ्याशुभ्र. म्हातारा असेल म्हणून मी स्टूल पुढे केलं. नंतर कळलं की तो कापूस होता. कापसाचा हंगाम संपला की त्यांच्या मिशा काळ्या व्हायच्या.

त्यांनी बंडीतून एक जाडजूड उत्तरपत्रिका काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली.

"मास्तर, हा माल कोनं पारखला?"

मी वर्ध्याच्या त्या कॉलेजात जीवशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होतो. वय सव्वीस. गुण कमी देण्याबद्दल माझी ख्याती होती आणि ती वाढावी म्हणून मी झटत असे. उत्तरपत्रिका मी ओळखली. विमल भोयर, इंटर सायन्स. डिसेंबरातल्या सराव परीक्षेत शंभरात एकतीस. ही मुलगी सेलूहून रोज मोटारीने यायची, पहिल्या बाकावर बसायची आणि तिला नागपूरच्या मेडिकलला जायचं होतं, हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. मी तिच्या पेपरावर लाल शाईत लिहिलं होतं, 'डॉक्टर होण्याचा विचार सोडावा.' आता तिचा बाप भांडायला आला असणार, असं धरून मी बाह्या सरसावल्या.

"मी तपासला. गुण वाढवून मिळणार नाहीत," मी म्हणालो.

"गुन कोन मांगून राह्यलं?" ते म्हणाले. "भाव फुटला तो फुटला. मी बी पारखीच हाय. तुमी पारखता कसं, तेवढं पाहाले आलो."

सेलूच्या कापूस बाजारात पारखी हा मोठा माणूस. शेतकऱ्यांच्या गाड्या ओळीने उभ्या राहतात. पारखी गाडीवर चढतो, कापसात खांद्यापर्यंत हात घालतो, मधून मूठभर कापूस काढतो, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून धागा ओढतो आणि एका शब्दात प्रत सांगतो. त्याच्या शब्दावर लिलाव चालतो. सोनबाजींना अक्षरओळख नव्हती, पण त्यांनी हात लावलेल्या गाडीवर वाद झाल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

त्यांनी आता दुसरं एक सुटं पान काढलं. "हे पाहा. याले दहात किती द्याल?"

मुळाच्या अंतर्रचनेवरचं उत्तर होतं. अक्षर कुणा दुसऱ्याच मुलीचं, आकृती नेटकी. मी ऐटीत पेन्सिल काढली आणि म्हणालो, "सात."

"सात ना? पक्कं?"

"पक्कं."

मग त्यांनी विमलच्या उत्तरपत्रिकेतलं एक पान उघडलं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण पानाचा कोपरा दुमडून ठेवलेला होता. तेच उत्तर होतं, शब्दाला शब्द. विमलने आपलंच उत्तर मैत्रिणीच्या हातून सुट्या पानावर उतरवून घेतलं होतं. आणि त्याच्यापुढे माझ्याच हातचे लाल चार होते.

माझे कान गरम झाले. टाकीतला एक बेडूक तेवढ्यात ओरडला.

सोनबाजी हसले नाहीत. उलट त्यांनी मला समजावल्यासारखं केलं. "होते असं मास्तर. सकाळी कापूस येगळा दिसते, दुपारी येगळा. मीच कितीकदा चुकलो. पन मले सांगा, एकटं पान सातचं अन् ढिगात चारचं, हे काऊन झालं? तुमी आधीच कुठंतरी चिडले असान."

मी आठवून पाहिलं. चिडलो होतो खरा. पहिल्याच प्रश्नात विमलने बेडकाच्या हृदयावर तेरा पानं लिहिली होती. विचारलं होतं तीन पानांचं. नवव्या पानावर मी चहा मागवला होता. चौथ्या प्रश्नापर्यंत मी पोचलो, तेव्हा तिच्या मुळाच्या उत्तरात मला काहीच चांगलं दिसायला तयार नव्हतं. आणि शेवटचे दोन प्रश्न तर वेळ संपल्यामुळे कोरेच होते.

"मंग असं करा," सोनबाजी म्हणाले, "जिथं जिथं चिडले तिथं तिथं पेन्सिलीनं टिकली मारून द्या. बाकी काई नको."

आपण कुठे कुठे चिडलो ते परक्या माणसाला दाखवणं सोपं नसतं. पण मी दिलं करून. एकोणीस टिकल्या झाल्या. सोनबाजींनी उत्तरपत्रिका परत बंडीत घातली, टाकीत डोकावून बेडकांकडे पाहिलं, "हलके हायेत," म्हणाले आणि गेले. पाठोपाठ मी बेडूक तोलून पाहिले. हलके होते.

असा हा माणूस. वरची वस्तू त्यांनी जन्मात कधी घेतली नाही. बाजारात वांगी घ्यायला गेले तर हात थेट ढिगाच्या पोटात. पंगतीत वाढपी भात घेऊन आला की म्हणायचे, "मधातला वाढ." पुतण्यासाठी मुलगी पाहायची होती. गुरुवार ठरला होता, तर हे मंगळवारीच एकटे त्या गावी गेले. मुलगी अंगण सारवत होती. यांना ओळखलं नाही. "पाहुने गुरवारी येनार हायेत, आज कायले आले? पाय पाहून टाका, वल्लं हाय," असं तिने शेणाचा हात नाचवत सुनावलं. सोनबाजी घरी येऊन म्हणाले, "पोरगी खरं बोलते. करून टाका." ती सून पुढे रोज त्यांना खरं बोलत राहिली, आणि मग मात्र ते तिच्या वाटेतून पाय उचलून चालायचे.

स्तुती त्यांना जमत नसे. विमलची आई गिरजाबाई मला एकदा म्हणाल्या, "वीस वर्सं झाली सैपाक करून राह्यली. एकदाही चांगलं नाई म्हनलं. हात धुतला की समजाचं, आवडलं." विडी दिवसभर कानावर असायची, कारण कापसाजवळ काडी ओढायची सोय नव्हती. संध्याकाळी घरी आल्यावरच ती पेटायची.

पुढच्या रविवारी मी सेलूला गेलो. काम काही नव्हतं. आपल्या एकोणीस टिकल्यांचं काय झालं याची उत्सुकता मात्र होती. भोयरांच्या ओसरीवर गोणपाट अंथरलं होतं आणि विमल कात्रीने स्वतःची उत्तरपत्रिका कापत होती. कापूस वेचून झाला की त्यातली डागी, किडकी बोंडं बाया निवडून वेगळी काढतात, त्या कापसाला कवडी म्हणतात. सोनबाजींनी पेपरातली कवडी काढायला लावली होती. गोणपाटावर तीन ढीग होते. एक, येत नव्हतं. दुसरा, येत होतं पण घाईत चुकलं. तिसरा, बरोबर होतं पण नको तिथे होतं. बेडकाच्या हृदयाची दहा पानं तिसऱ्या ढिगात होती.

"पहिला ढीग लहान हाय," सोनबाजी मला म्हणाले. "मास्तर, तुमी लिवलं, विचार सोडावा. ढीग तर एवढासा हाय."

मी ढिगाकडे पाहिलं. खरंच ओंजळभर होता. तोच घेऊन रोज बसायचं, असं ठरलं.

दोन दिवसांनी विमल वर्गात आली ती रडवेल्या चेहऱ्याने. गिरजाबाईंनी सकाळी चुलीवर पाणी तापवताना पेटवणाला म्हणून नेमका पहिला ढीग वापरला होता. "सर, मला काय येत नाही तेच आता मला ठाऊक नाही," ती म्हणाली. बायकोवर सोनबाजी चिडले नाहीत. त्यांनी मुलीला कोरा कागद दिला आणि सांगितलं, आठवून लिहून काढ, काय काय येत नव्हतं. विमलने लिहिलं. चूक आठवायची म्हणजे बरोबर काय ते आधी आठवावं लागतं. तासाभरात सगळी यादी तयार झाली, शेजारी बरोबर उत्तरांसकट. सोनबाजींनी बायकोला सांगितलं, "अजून काई जाळाचं असन त जाळ."

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. इथे सोनबाजींचा पारखीपणा आडवा आला.

फेब्रुवारीत दुसरी सराव परीक्षा होती. हिचं महत्त्व पहिलीपेक्षा जास्त. दोन्हींत नापास होणाऱ्याचा विद्यापीठाचा फॉर्म कॉलेज पुढे पाठवत नसे. फॉर्म गेला नाही तर वर्ष गेलं. आणि विमलचं वर्ष जाणं म्हणजे शिक्षणच जाणं होतं. तिच्या मामांनी वडनेरचं एक स्थळ आणून ठेवलंच होतं, शेतीवाडी असलेलं, आणि ते लोक वाट पाहायला तयार नव्हते.

अशा वेळी सोनबाजींनी मुलीला मोलाचा सल्ला दिला, आणि मला विचारलं नाही. ते म्हणाले, वरचा कापूस सगळेच चांगला ठेवतात, म्हणून पारखी वर पाहतच नाही, हात मधात घालतो. तर तू चांगली उत्तरं मधात लिव. सुरुवातीला अन् शेवटी कच्ची भर.

विमलने बापाचा शब्द पाळला. पेपर तपासला आमच्या विभागप्रमुखांनी. ते बिचारे पहिल्या पानापासून वाचणारे. पहिलं उत्तर कच्चं, दुसरं कच्चं. कच्च्या उत्तरांवर डोकं खाजवण्यात विमलचा निम्मा वेळ गेला होता, त्यामुळे मधला चांगला माल भरायला हातात वेळच उरला नाही. शंभरात अठ्ठावीस.

दुसऱ्या दिवशी आम्ही सहा-सात जण शिक्षकांच्या खोलीत चहा पीत बसलो होतो. दारात सोनबाजी. आत येईनात. उंबऱ्याबाहेरूनच त्यांनी टोपी काढली.

"पोरीची चूक नाई," ते म्हणाले. "माल तिचा चांगला होता. गाडी भराले म्याच चुकीची सांगतली. कापसाचं ग्यान पेपरात घातलं. चूक माही हाय."

पारख्याने शब्द मागे घेतला तर बाजारात त्याच्या पुढे कुणी गाडी उभी करत नाही, हे आमच्यातल्या दोघा-तिघांना तरी माहीत होतं. हा माणूस भर दुपारी, भरल्या खोलीत, टोपी हातात घेऊन ते करत होता. मी बशीतला चहा तसाच खाली ठेवला.

आमच्या प्राचार्यांचा एक नियम होता. विषयाच्या शिक्षकाने लेखी हमी दिली, तर नापास मुलाचाही फॉर्म पाठवता येई. मी सोनबाजींना प्रयोगशाळेत नेलं आणि कागद पुढे ओढला. सही करून मोकळा होणार, तोच त्यांनी कागदावर आपला पंजा ठेवला.

"दयेची सही नका करू मास्तर. तिले वर्सभर ती सही टोचन. पारखा, अन् मंग करा. नसन जमत त वडनेर काई वाईट गाव नाई." एवढं बोलून ते खिडकीबाहेर बघायला लागले.

मी विमलला बोलावलं. तोंडी परीक्षा घ्यायची ठरवली, पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. सोनबाजींना बाहेरच्या पायऱ्यांवर बसवलं. मी प्रश्न विचारावा, विमलने क्षणभर थांबावं, की बाहेरून खोकला यावा. चौथ्या खोकल्याला मी बाहेर जाऊन त्यांना लांबच्या लिंबाखाली बसायला सांगितलं. खोकला तिथूनही येत राहिला. त्यांना आतलं काही ऐकू येत नव्हतं, तरी दर थांब्याला तो बरोबर येई. हे कसं जमत होतं ते मला आजतागायत कळलेलं नाही.

दीड तास झाला. विमल आधी पुस्तकी इंग्रजीत अडखळत होती. मग मी म्हणालो, घरी बोलतेस तसं सांग. तिने एकदम सुरुवात केली. "सर, झडप काऊन असते? रगत वापस नाई गेलं पाहिजे म्हनून. वापस गेलं त मंग हृदय कायले धडधडून राह्यलं?" तिचं तिलाच हसू आलं. त्यानंतर मला तिला कुठेच अडवता आलं नाही. शेवटी शेवटी तर मीच पुस्तकात डोकावून प्रश्न काढत होतो. मी सही केली, आणि डिसेंबरात लिहिलेल्या त्या लाल ओळीबद्दल तिची माफी मागितली. प्राचार्यांनी मान हलवत, कुरकुरत का होईना, फॉर्म पाठवला.

आता प्रश्न फक्त वेळेचा उरला होता. सगळं येत असून तिचे शेवटचे प्रश्न कोरे राहत. घरात घड्याळ नव्हतं. या वेळी सोनबाजींनी मला विचारून उपाय काढला. एक विडी साधारण किती वेळ जळते ते माझ्या घड्याळावर मोजायला लावलं. मोजणीसाठी त्यांनी माझ्यासमोर लागोपाठ पाच विड्या ओढल्या, आणि शास्त्राला धरून सरासरी काढण्याचं काम माझ्याकडे आलं. हिशेब असा बसला की एका प्रश्नाला तीन विड्या.

मग रोज संध्याकाळी सेलूला परीक्षा सुरू झाली. विमल लिहितेय, समोर बाप विड्या ओढतोय. तिसरी विडी विझली की, "हाकल गाडी!" वाक्य अर्धवट असलं तरी पुढचा प्रश्न घ्यायचा. पहिल्या आठवड्यात विमल रडकुंडीला आली. दुसऱ्या आठवड्यात गिरजाबाईंनी चूल अंगणात मांडली, कारण घरात तिघांना एकमेकांची तोंडं दिसेनात. तिसऱ्या आठवड्यात सोनबाजींचा घसा बसला आणि ते हाताने खूण करायला लागले. पण विमलच्या अंगात तो वेळ मुरला. विद्यापीठाच्या पेपराला तिने एकही प्रश्न सोडला नाही. बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "सर, तिथं धूर नव्हता म्हणून सुरुवातीला थोडं अवघड गेलं."

जूनमध्ये निकाल लागला, आणि पाठोपाठ नागपूरला मेडिकलची यादी. विमलचं नाव खालून तिसरं होतं. सोनबाजींनी मला तीनदा विचारलं, "पन यादीतच हाय ना?" यादीतच होतं.

प्रवेशाच्या दिवशी कागदपत्रांची भानगड नको म्हणून त्यांनी मलाही बरोबर नेलं. मला तोवर जबलपूरला नोकरी लागली होती आणि पुढच्या आठवड्यात मी वर्धा सोडणार होतो. मी सोनबाजींना शेवटचं पाहिलं ते तिथे, नागपूरच्या त्या ऑफिसात, एका लांबलचक टेबलापुढे.

सगळे कागद झाले. राहिली पालकाची सही. कारकुनाने शाईची पेटी पुढे केली. सोनबाजींनी अंगठा बुडवला आणि फॉर्मवर दाबला. काळा ठिपका उमटला, नुसता. रेषा एकही नाही.

"नीट दाबा हो," कारकून म्हणाला.

त्यांनी नीट दाबला. परत काळा ठिपका. कारकुनाने स्वतः त्यांचा अंगठा धरून फिरवला. तेच. मग दुसऱ्या हाताचा घेतला, तर तोही तसाच गुळगुळीत.

"रेषाच नाहीत यांना," कारकून वैतागून माझ्याकडे पाहायला लागला. "हा अंगठा कुणाचाही असू शकतो."

सोनबाजी एवढे कधी गोंधळले नव्हते. दोन्ही काळे अंगठे पुढे धरून ते उभे होते. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या मालाची प्रत सांगितली, त्याला आपलीच ओळख पटवता येत नव्हती. "मास्तर, आता?" त्यांनी मला हळूच विचारलं. "माह्या अंगठ्यापायी पोरीचं अडन का?"

मी बोलणार, त्याआधी विमल पुढे झाली. "साहेब, ते कापूस पारखतात. धागा ओढून ओढून रेषा गेल्या आहेत त्यांच्या," ती म्हणाली. "ओळख मी पटवते. कुठे लिहू?"

कारकुनाने क्षणभर त्या अंगठ्यांकडे पाहिलं, मग दौत तिच्याकडे सरकवली. विमलने ठिपक्याखाली सावकाश, एकेक अक्षर सुटं काढत एक ओळ लिहिली आणि सही केली. खाली साक्षीदार म्हणून मी सही केली. माझे डोळे भरले होते, सही वाकडी आली.

"काय लिवलं वं?" सोनबाजींनी विचारलं.

विमलने वाचून दाखवलं, "हा अंगठा माझे वडील सोनबाजी भोयर यांचा आहे. मी त्यांना ओळखते."

मागे उभे असलेले पालक खोळंबले होते, कारकून पुढचं नाव पुकारत होता.

"आखीन एकदा वाच," सोनबाजी म्हणाले.

तिने पुन्हा वाचलं. मग काळे अंगठे धोतराला लागू नयेत म्हणून दोन्ही हात अंगापासून लांब धरून सोनबाजी आमच्या पुढे जिना उतरायला लागले.